उजवीकडून सुरू होणारी पानं

अहल्या देशमाने कॉमिक्समधल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं लिहायच्या. चामराजपेटच्या एका छापखान्यातून मुलांचं कन्नड मासिक निघायचं, त्याच्या मराठी आवृत्तीचे फुगे अठरा वर्षं त्यांनी हातानं भरले. राग जाड निबानं, कुजबुज बारीक, भोवती भरपूर कोरी जागा. चित्रकार वादिराज म्हणायचे, "अक्का, तुमच्या अक्षराला आवाज आहे." मग कॉम्प्युटर आला आणि सगळी पात्रं एकाच आवाजात बोलू लागली. पुढे मासिकही बंद पडलं. तेव्हापासून दुकानात कॉमिक दिसलं, की अहल्याबाई नुसते फुगे बघून ते परत ठेवत.

गेल्या वर्षी मल्लेश्वरमच्या त्यांच्या घरी, वरच्या मजल्यावर पुण्याची ईरा राहायला आली. नोकरी हेब्बाळला, आयटीत. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर कॉमिक्स छापायची. कैरो, बैरुत, कॅसाब्लांकाची तरुण मंडळी रोजच्या बोलीत मोठ्यांसाठी कॉमिक्स काढतात, हे तिनंच अहल्याबाईंना सांगितलं. कैरोच्या एका चित्रकर्तीचं कॉमिक ती मराठीत आणत होती.

"काकू, अरबी पानं उजवीकडून सुरू होतात. आम्ही ती आरशासारखी उलटी करणार आहोत."

अहल्याबाईंनी पानं हातात घेतली. दोन बहिणी जेवायला बसल्या होत्या. अक्षर एकही ओळखीचं नव्हतं.

"थोरली इथे हळू बोलतेय," त्या म्हणाल्या. "अक्षर केवढंसं झालंय बघ. पुढच्या चौकटीत फुगाच नाही. रडू आवरतेय ती."

ईरानं इंग्रजी भाषांतर काढलं. थोरली म्हणत होती, 'आई गेली तेव्हा तू कुठे होतीस?'

"पानं उलटवू नका," अहल्याबाई म्हणाल्या. "ती धाकटीला उजव्या हातानं घास भरवतेय. उलटवलंत तर डावा होईल. तिथे चालेल? आपल्याकडे तरी चालतं का?"

"पण वाचणारे गोंधळतील."

"स्वल्प गोंधळू देत. पहिल्या पानावर बाण काढून देते मी."

फुगेही त्यांनीच भरले. रोज सकाळी खिडकीशी बसून, महिनाभर. हाताची सवय मोडली होती, चार-चार वेळा कागद बदलावा लागायचा. जुनी शाई मिळेना, तर ईरानं तीन दुकानं पालथी घातली.

छापण्याआधी व्हिडिओ कॉलवर चित्रकर्तीनं अकराव्या पानावरच्या जाड अक्षरांवर बोट ठेवलं. "इथे धाकटी माझ्या मूळ पानापेक्षा मोठ्यानं बोलतेय," ती म्हणाली. ईरानं ते मराठीत सांगितलं.

"हो," अहल्याबाई म्हणाल्या, "मराठीत ती इथे ओरडलीच असती."

उत्तर कैरोला पोचलं तशी चित्रकर्ती खळखळून हसली. अकरावं पान तसंच छापलं गेलं.