मुक्ता दीक्षितचे मेल जात नाहीत

"डॉमदादा, मी शिव्या देते का हो?"

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी टार्निटच्या घरी, वॉशिंग मशीनला खेटून मांडलेल्या टेबलावर ऑफिस चालवत होतो. मेलबर्नचा दुसरा लॉकडाऊन सुरू होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री बाहेर पडायचं नाही.

"कोण म्हणतं?"

"HR म्हणतं. ऑफिसच्या मेलमध्ये वारंवार अश्लील भाषा वापरली म्हणून. शुक्रवारी मीटिंग लावलीय."

आमची कंपनी फ्रोझन माल साठवते आणि फ्रीजवाल्या ट्रकने पोचवते. मी मूळचा वसईचा, नाव डॉमनिक. कंपनीचं नेटवर्क आणि ई-मेल मी सांभाळतो. मुक्ता दीक्षित पुण्याहून इथे युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत आली आणि शिकून आमच्याकडे लागली. कुठला ट्रक कधी कुठे जाईल, हे ती ठरवते. सुरुवातीला मला 'सर' म्हणायची. इथे बॉसलाही नावाने हाक मारतात असं मी सांगितलं, तेव्हा 'डॉमदादा'वर तडजोड झाली.

तेव्हा ती पॉइंट कुकला एका खोलीत एकटी राहत होती. नोकरीचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि PRच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जासाठी कंपनीचं पत्र लागणार होतं. शिव्या देणाऱ्या मुलीला तसं पत्र कोण देणार?

या भानगडीची सुरुवात आमच्या जनरल मॅनेजरने, क्रेगने केली होती. ऑफिसचं इंटरनेट, ई-मेल आणि चॅट कशासाठी वापरायचं, याची एक पॉलिसी प्रत्येक कंपनीत असते. ती न वाचता सगळे 'I agree' दाबतात. आमचंही तसंच सुखाने चाललं होतं. पण लोक घरी बसले, आणि ते घरी नक्की काय करतात या विचाराने क्रेग बेचैन झाला. त्यातच वेअरहाउसच्या ग्रुप चॅटमध्ये कुणीतरी त्याच्याबद्दल दोन खरमरीत शब्द लिहिले. पुढच्याच आठवड्यात क्रेगने मेल फिल्टर विकत घेतला.

मेल फिल्टर म्हणजे दारावरचा वॉचमन. कंपनीतून कुणीही पाठवलेला प्रत्येक मेल, आतल्या माणसाला असो की बाहेरच्या, तो वाचतो. घाणेरडा शब्द दिसला की मेल अडवून बाजूला ठेवतो. त्या जागेला आमच्या धंद्यात पूर्वीपासूनच 'क्वारंटाईन' म्हणतात. त्या वर्षी माणसं हॉटेलात क्वारंटाईन होती, मेल सर्व्हरवर.

फिल्टरच्या तीन पायऱ्या होत्या: लो, मीडियम आणि स्ट्रिक्ट. मी मीडियम सुचवलं. त्यात फक्त सुटे शब्द तपासले जातात. स्ट्रिक्टमध्ये शब्दाच्या पोटातले शब्दही शोधले जातात.

क्रेग म्हणाला, "आपण मीडियम कंपनी नाही, मेट."

मुक्ताचा फोन ठेवला आणि क्वारंटाईन उघडलं. आत तिच्या मेलची रांग लागली होती. 'टोनी, शेपर्टनचा ट्रक सकाळी सहाला निघेल. वाटाणे आहेत, टेंपरेचर सांभाळ. थँक्स, मुक्ता दीक्षित.' शिवी कुठे आहे ते मी शोधत बसलो. मग खालची सही इंग्रजीत नीट वाचली. मुक्ता दीक्षित हे आडनाव Dikshit असं लिहिते; त्यातली शेवटची चार अक्षरं मिळून 'शिट' होतं. हा शब्द आमच्या ऑफिसमध्ये दिवसभर बोलतात सगळे, लिहीत मात्र कुणी नाही. मुक्ता रोज लिहीत होती, प्रत्येक मेलच्या शेवटी.

मेल पोचत नाहीत म्हणून डेपोवाला टोनी तक्रार करत होता. तिच्या टीम लीडरला वाटत होतं, पोरगी घरी झोपा काढते. ती बिचारी एकेक मेल तीन-तीनदा पाठवत होती. फिल्टरने तिचे गुन्हे तिप्पट मोजून HRला कळवले.

मी क्रेगला व्हिडिओ कॉल लावला.

"नाव आहे ते तिचं. तेवढं एक नाव वगळतो, मिनिटभराचं काम आहे."

"एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील. HRची लेखी परवानगी आण."

मी HRच्या लीअ‍ॅनला सविस्तर मेल लिहिला. दोन दिवस उत्तर नाही. फोन केला तर म्हणाली, "डॉम, तुझा मेल आलाच नाही." येणार कसा? त्यात मी मुक्ताचं पूर्ण नाव लिहिलं होतं. आता गुन्हेगारांत माझीही नोंद झाली होती.

सगळं ऐकून लीअ‍ॅन फार प्रेमाने म्हणाली, "ती सही जरा छोटी करेल का? नुसतं मुक्ता डी? कामापुरतं."

मी हे मुक्ताला सांगितलं.

"दादा, पासपोर्टवर दीक्षित, डिग्रीवर दीक्षित, व्हिसावर दीक्षित. मी मुक्ता डी झाले तर PR कुणाला मिळणार? आणि आईला काय सांगू? आपलं आडनाव इथे शिवी आहे म्हणून?"

मग स्वतःच म्हणाली, "नाही बदलणार. बघू काय करतात."

ऑस्ट्रेलियात अशा मीटिंगला कर्मचारी एक सपोर्ट पर्सन आणू शकतो. त्याने धीर द्यायचा, पण मधे बोलायचं नाही. मुक्ताने मला नेमलं. शुक्रवारी स्क्रीनवर आम्ही तिघं होतो. लीअ‍ॅनने आरोप वाचला.

मुक्ताने शांतपणे विचारलं, "कुठला शब्द वापरला मी?"

"तो... तुझ्या मेलच्या शेवटी येतो."

"कृपया वाचून दाखव."

लीअ‍ॅन आरोपाचा कागद पुन्हा चाळू लागली. ऑफिशियल मीटिंगमध्ये असा शब्द उच्चारायला तिच्याच पॉलिसीची बंदी होती.

"बरं, स्पेलिंग सांग," मुक्ता म्हणाली.

लीअ‍ॅन कानापर्यंत लाल झाली. शेवटी म्हणाली, "मी क्रेगशी बोलते. तोपर्यंत तुझं प्रोबेशन वाढवावं लागेल. सॉरी, लव्ह."

मीटिंग संपल्यावर मुक्ता मला फोनवर म्हणाली, "हसू की रडू?" आणि खरंच दोन्ही केलं. मी सपोर्ट पर्सन. ऐकत राहिलो.

सोमवारी सकाळी क्रेगचा फोन.

"डॉम! पर्थचं टेंडर पोचलंच नाही त्यांना! शुक्रवारी दुपारी मुदत संपली!"

मी क्वारंटाईन उघडलं. क्रेगचा मेल मुक्ताच्या मेलांशेजारी निवांत पडला होता. टेंडर पर्थजवळच्या कॉकबर्नमधल्या कोल्ड स्टोअरचं होतं. या गावाच्या नावातली पहिली चार अक्षरं सुटी काढली तर शाळेत त्यांचा अर्थ कोंबडा होतो, वेअरहाउसमध्ये दुसराच.

"अरे, गाव आहे ते! नकाशावर आहे! आणि उच्चार 'कोबर्न' आहे!"

"फिल्टर उच्चार करत नाही, क्रेग. अक्षरं वाचतो."

"मग ते एक नाव वगळ, आत्ताच्या आत्ता!"

"HRची लेखी परवानगी लागते ना?"

"मी HRला मेल पाठवतो," तो म्हणाला.

त्याने पाठवलाही. मेलमध्ये गावाचं नाव होतं, त्यामुळे तोही अडकला. शेवटी फोनवरच म्हणाला, "मीडियम कर."

मिनिटभरात मीडियम झालं. अडकलेले सगळे मेल एकदम सुटले. टोनीला डेपोत मागच्या कित्येक दिवसांचे ट्रक एकाच सकाळी कळले. त्याने घाबरून मुक्ताला फोन केला, "इतके वाटाणे आणू कुठून?"

पर्थचं टेंडर गेलं ते गेलंच. क्रेगच्या रिपोर्टमध्ये त्याला 'मार्केट कंडिशन्स' जबाबदार होत्या. त्याच रिपोर्टमध्ये, नव्या फिल्टरमुळे अश्लील मेलांचं प्रमाण कमालीचं घटलं, असंही लिहिलं होतं. ते खरंच होतं. मीडियम केल्यावर घटलं.

मुक्ताला 'प्रकरण बंद करण्यात येत आहे' असं दोन ओळींचं पत्र आलं. त्यात माफी नव्हती, पण प्रोबेशन संपलं होतं आणि PRसाठी हवं ते पत्रही मिळालं. पुढे PR झाली. तिने मेलच्या सहीचा फॉन्ट एक नंबर मोठा केला. पॉलिसीत बसतं ते.

मी मात्र एक धडा घेतला. कुठलंही नवं सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं की आधी त्यात आमच्या सगळ्या स्टाफची नावं घालून बघतो. सेल्सवाले विचारतात, असं का? मी सांगतो, शिव्या नंतर तपासू, आधी माणसं पास होतात का ते बघू.