नारळ धरला म्हणून परत गेलेली बाजरी

अन्याय झाला माझ्या मावशीवर. मागच्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाला, कापणीच्या सणाला, आपल्याच चर्चच्या पायरीवर. देवाला वाहायला देवगाव रंगारीहून एसटीनं आणलेलं नव्या बाजरीचं अर्धं पोतं तिनं टेकवलं आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळातल्या काकांनी ते आत घेऊ दिलं नाही.

कारण? पेरणीच्या दिवशी शेजाऱ्यानं बांधावरच्या शेंदरी दगडापुढं नारळ फोडला, तेव्हा मावशी तिथं उभी होती. कुणीतरी फोटो काढून चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकला.

"नुसती उभी नाय भाऊ, नारळबी मीच धरला व्हता," मावशीनं स्वतःच सांगून टाकलं. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "त्याच्या विहिरीचं पाणी येतं माझ्या रानात. तो म्हणला, धर जरा. नाय कसं म्हणू?"

काकांनी तिथंच बायबलमधल्या एका संदेष्ट्याचं वचन काढलं. इस्राएल लोक म्हणजे देवाची बायको. धान्य दिलं देवानं आणि ही बआल नावाच्या परक्या देवाचे आभार मानत फिरली, नवरा सोडून दुसऱ्याच्या घरी गेलेल्या बाईसारखी. हे सगळं मावशीकडं बोट करून. पन्नाशीच्या विधवा बाईनं हे चारचौघांत ऐकायचं!

मी पाण्याचे ग्लास भरत होते. जग खाली ठेवला. "काका, तुमच्या गाडीला लिंबू-मिरची कशाला?"

फाटकातच नवी कोरी पांढरी गाडी. बंपरखाली सात मिरच्या लोंबत होत्या.

"ती शोरूमवाल्यानं बांधली."

"मग सोडा ना."

"सोडतो की. पण क्रांती चौकात गर्दी लई असते, जरा घरी पोचलो की..."

"ऱ्हाऊ द्या भाऊ," मावशी म्हणाली, "धडक-बिडक व्हायची."

सगळे खो खो हसले. पोतं मात्र परतच गेलं.

घरी येऊन मी त्या संदेष्ट्याचा ग्रंथ सगळा वाचला. पत्रकं लिहिणाऱ्याला सोयीची ओळ कापून घ्यायची खोड असते, मलाही आहे, म्हणून मुद्दाम सगळा. तिथं बायको म्हणजे कुणी एक बाई नाहीच. राजे, याजक, खोटं माप घालणारे व्यापारी, सगळे मिळून ती बायको. व्यभिचार केला तरी पोरीबाळींना शिक्षा नाही, कारण पुरुषच तसे वागतात, असंही स्पष्ट लिहिलंय. काकांचं पान नेमकं त्याच्या आधी संपलं! आणि देव? रागावतो, तळतळतो, पण शेवटी तिची समजूत घालायला स्वतः तिला घेऊन रानात जातो. दारातून हाकलून मोकळा होत नाही.

मावशी तेव्हापासून आलेली नाही. फोनवर म्हणते, "घरीच करते प्रार्थना. दगड तरी मला काय बोलला नाय."

मंडळी, तुम्ही त्या दिवशी आत गीत गात होतात, नाहीतर पायरीवर हसत होतात. मीही हसवलं आणि तिला जाऊ दिलं. आता पुरे. येत्या रविवारी उपासनेआधी माझ्यासोबत देवगाव रंगारीला चला. काकांना बरोबर घ्या. तिच्या दारात त्यांनी माफी मागायची आणि बाजरी आपण मागून आणायची. कोण येतंय, आजच सांगा.