अंजना मॅडमचं कपाट

माधवनगरच्या माझ्या घराची माडीवरची खोली मी अंजनाला भाड्यानं दिली, त्याला बरीच वर्षं झाली. ती मूळची मेढ्याची. सांगलीच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना अकाउंट्स शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. उन्हाळा लागला की नेमणूक संपते आणि नव्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यायची.

ती राहायला आली तेव्हा रोज खांद्याला जड पिशवी असायची. पुस्तकं, खडू, डस्टर, आणि वर डोकं काढून बसलेली फळ्यावर रेघा ओढायची लाकडी पट्टी. मी म्हटलं, "अगं, हे सगळं रोज कशाला वागवतेस? कॉलेजात ठेवावं."

"कुठं ठेवू, मावशी? स्टाफरूममधली कपाटं कायमच्या लोकांना. त्यावर नावाची पट्टी असते. आम्हाला खुर्ची मिळते, तीसुद्धा तिचा मालक येईपर्यंत."

हसत बोलली. पण माझा जन्म रंगभूमीवर गेला; कुठलं हसू आतून येतं आणि कुठलं चेहऱ्यावर चढवलेलं असतं, ते मला कळतं. त्या पोरीला जन्मात काय हवं होतं, तर ते कपाट.

दुसऱ्या दिवशीचा तास ती आदल्या संध्याकाळी माझ्यापुढे घ्यायची. मी झोपाळ्यावर, ती भिंतीपाशी. आम्ही दोघी त्याला तालीमच म्हणायचो. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. काय भारदस्त शब्द! ती म्हणायची तेव्हा मला ते एखाद्या नाटकातल्या सरदारांची नावं वाटायची. हळूहळू मला नावे आणि जमा कळायला लागलं. डावी बाजू नावे, उजवी जमा.

"कुणाची डावी?" मी एकदा विचारलं. "आमच्या नाटक कंपनीतले मास्तर प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून ओरडायचे, उजवीकडून ये! मी माझ्या उजवीकडून आले की कपाळाला हात लावायचे. त्यांची उजवी ती माझी डावी."

अंजना खूप हसली. मग म्हणाली, "मावशी, हे मी कधीतरी वर्गात वापरणार."

यंदा साताऱ्याच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. साताऱ्याहून मेढा जवळ. तिथं तिची आई, मनुबाई, एकटी असते. मला फोन करून म्हणाली, "आवं ताई, लागंल न्हवं पोरगी? माजं डोळं लागल्यात तिच्या वाटंला."

मुलाखतीत वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. विषय दिलेला, घसारा. वापरानं यंत्राची किंमत वर्षावर्षाला उतरते, ती हिशोबात कशी दाखवायची, एवढंच. आम्ही त्याच्या इतक्या तालमी केल्या की मला पाठ झाला. मी म्हटलंसुद्धा, "उदाहरणाला यंत्र कशाला? मलाच उभी कर फळ्याजवळ."

"घसारा यंत्राला लागतो, मावशी. नटीला नाही."

मी तिच्याबरोबर साताऱ्याला गेले. वर्गाच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात बाक होता, तिथं बसले. निवड समिती मागच्या बाकांवर. अंजनानं फळ्यावर सुरेख आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, डावीकडे नावे, उजवीकडे जमा असं लिहिलं, आणि पहिल्या बाकावरचा साईराज नावाचा पोरगा उठला.

"मॅडम, एक इचारू का? बँकेत पैसं भरलं की पासबुकात जमा लागतंय. पुस्तकात मातर बँक नावे म्हणत्यात. मग चुकतंय कोन, बँक का तुमी?"

वर्ग खो खो हसला. मागून एक पोरगं म्हणालं, "बस रं गड्या, मॅडमची परीक्षा हाय आज, तुजी न्हाई."

पोरगा लाजून बसायला लागला. मी बाहेर मनात म्हणत होते, बसू दे त्याला, बाई, तू घसारा घे. पण अंजनानं खडू खाली ठेवला.

"बसू नकोस. इकडं ये. वर्गाकडे तोंड कर. आता उजवा हात वर कर." त्यानं केला. "सांगा रे, त्याचा हात तुमच्या कुठल्या अंगाला आहे?"

"डावीकडं, मॅडम!"

"मग चुकतंय कोण? तो का तुम्ही?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग साईराजच म्हणाला, "कुनीच न्हाई."

"पासबुक तुझ्या हातात असतं, पण लिहिते बँक, तिच्या जागेवरून. तू भरलेले पैसे तिला उद्या तुला परत द्यायचेत, म्हणून तिच्याकडं तू जमा. तुझ्या वहीत मात्र बँकेकडून तुला यायचेत, म्हणून बँक नावे."

"आयला!" पोरगा म्हणाला, आणि जीभ चावली. त्याचा चेहरा असा उजळला, की तसा चेहरा पहिल्या रांगेत दिसावा म्हणून आम्ही नाटकवाले गावोगाव हिंडलो.

"मॅडम, घसारा?" मागून समितीतले एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले. तिनं घसाऱ्याला हात घातला, तोवर वेळ संपली.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्याला बसवायला हवं होतं का, मावशी?"

"बसवलं असतंस तर?"

"घसारा पुरा झाला असता."

"आणि तो?"

"तो दर वेळी पासबुक उघडून मला खोटं ठरवत बसला असता."

दोघी हसलो. हे हसू आतलं होतं.

निवड दुसऱ्याची झाली. मनुबाईला तिनं फोनवर सांगितलं, "पुढच्या खेपेला, आई," आणि नंतर बराच वेळ फोन हातात धरून बसली.

मला राहवलं नाही. माझं एक लाकडी कपाट आहे, आत माझ्या भूमिकांचे शालू. ते सगळे ट्रंकेत घातले, कपाट पुसलं, पेंटरकडून पट्टी रंगवून घेतली: प्रा. अंजना शेलार. आणि तिला खाली बोलावलं.

तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. दार उघडलं, मिटलं. माझ्या गळ्यात पडली. पुस्तकं काही आत ठेवली नाहीत.

"हे घरचं झालं, मावशी," ती म्हणाली.

कॉलेज पुन्हा सुरू झालंय. सकाळी ती पिशवी खांद्याला लावून निघते, रेघांची लाकडी पट्टी वर डोकावत असते. मी झोपाळ्यावरून बघते. कपाटाजवळून जाताना ती नावावर एकदा हात ठेवते आणि बाहेर पडते.