व्याहीभेट, नवव्या टोपलीपाशी

पडदा वर जातो तेव्हा डावीकडे तळं, उजवीकडे सागाची उतरण आणि मधोमध एक लोखंडी खांब. खांबावर टोपली, टोपलीवर साखळ्यांची झालर. रोह्याजवळची रविवारची सकाळ. खांबापासून बऱ्याच अंतरावर दोन व्याही उभे, हातात एकेक चकती, आणि नजरा अशा की मध्ये कुणी आलं तर भाजून निघावं.

त्यातला पांढऱ्या मिशांचा तो कमळाकर. कासूच्या खाडीकडचा. तरुणपणी मिठागरात राबला, मग धाटावला कंपनीत शिफ्टा केल्या. गावात मी आणि तो नाटकं करायचो, त्यांत तो हौसेनं खलनायक करायचा. रंग उतरला की मात्र मऊ माणूस. ज्या नायकाला मारलं त्यालाच विंगेत चहा आणून द्यायचा. त्याला खरा सूड शिकवला तो या दुसऱ्या व्याह्यानं, हिराजीनं.

तीन वर्षांपूर्वी कमळाकरच्या किमयाचं लग्न हिराजीच्या प्रविणशी झालं. मांडवात माईकवरून व्याहीभेटीचा पुकारा झाला. कमळाकर हार घेऊन, हात पसरून पुढे आला. तेवढ्यात रस्त्यावर कुणा पुढाऱ्याची गाडी थांबली आणि हिराजी तिकडे धावला. वाजंत्री वाजत राहिली, कमळाकर हार धरून उभा. समोरच्याची एन्ट्री चुकली की तो क्षण किती लांब होतो, ते मला विचारा. नट काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. मुलीच्या बापाला तेवढीही सोय नाही. भेट राहिली ती राहिलीच.

त्यानंतर कमळाकरनं हिराजीच्या घरचं पाणी घेतलं नाही. लेकीला भेटायचा तो फाटकाबाहेर, स्कूटरवर बसून.

पुढे प्रविणनं तळ्याकाठच्या जमिनीत पर्यटकांसाठी डिस्क गोल्फ मांडला. चकती फेकत फेकत टोपलीत घालायची. अशा नऊ टोपल्या, आणि ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. हिराजी त्यात तरबेज झाला. खाडीकडच्या कुणालाही हरवीन म्हणून मिरवू लागला. कमळाकरला हेच हवं होतं. किमयानं गुपचूप त्याला एक चकती आणून दिली. उन्हाळाभर तो ओस मिठागरात मासळीच्या टोपलीवर नेम धरत राहिला. त्या टोपलीला त्यानं नाव दिलं होतं: व्याही.

मग निरोप धाडला. "जिंकलो तर व्याहीभेट. तुमच्याच जागेत, वाजंत्री लावून, सगल्यांसमोर. हरलो तर तुमच्या घरात जेवीन आन् परत तोंड उघडनार नाय."

साक्षीला मला नेलं. सगेसोयरे जमले, वाजंत्रीवाले सावलीत बसले.

"व्याही, ही मिठाची पाटी नाय," हिराजी हसला. "अलगद फेका."

"तुमी फेका. मान्सं फेकून द्यायची सवय हाय तुमाला."

"बाबा, दमानं," किमया कुजबुजली.

"गप गो. मी हसतोय ना?"

हसत होता खरा. दुसऱ्या अंकातलं त्याचं ते हसू मी ओळखून होतो.

सहाव्या टोपलीपर्यंत हिराजी पुढे. आठव्याला दोघं बरोबर. नववी टोपली तळ्याच्या पलीकडच्या काठावर. पाण्यावरून सरळ फेकायची, नाहीतर काठाकाठानं वळसा घालायचा. लोक बघताहेत म्हटल्यावर हिराजीला वळसा कसा चालेल? त्यानं सगळा जोर लावला. चकती ऐटीत निघाली, मध्यावर कलली आणि पाण्यात बुडाली. दंडाची एक फेक वाढली.

कमळाकरला घाई नव्हती. काठाकाठानं तीन लहान फेकी केल्या. चौथी साखळ्यांवर खळ्ळकन आपटून टोपलीत पडली. त्यानं वळून हिराजीकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. हिराजी दंडासकट पाचव्या फेकीत पोचला. संपलं.

वाजंत्री सुरू झाली. मोबाइल वर झाले. हिराजी हार घेऊन आला, मान खाली. हार घातला आणि कमळाकरला पोटाशी घट्ट धरलं.

"चुकलं माजं त्या दिवशी, व्याही. मिटलं ना आता?"

किमया डोळे पुसत होती. मी तर टाळ्याच वाजवल्या. कमळाकरनं हार सारखा केला आणि टोपलीतली चकती उचलली.

"तुमच्या बाजूनं मिटलं असंल. माजा राग अजून हाय. चला, परत पहिल्या टोपलीपासून."