पट्टीच्या कोपऱ्यातले तीन टाके

आत्याने डूख धरला तो एका वाक्यापायी. ओढ्याकाठी तिची लॉन्ड्री होती, हाताखाली तीन बायका होत्या आणि इस्पितळाच्या चादरींचं काम कायमचं होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना निघाला आणि सहा महिन्यांत एका सकाळी चाळीस चादरी दोरीवरून निळ्या ठिपक्यांच्या उतरल्या. इस्पितळाने त्या तिच्याच गळ्यात मारल्या आणि काम काढून घेतलं. त्यातली एक खांद्यावर टाकून आत्या कारखान्यात गेली. मालकाने ती उलगडली, भोवतीच्या कामगारांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पांढरं धुता येत नसेल तर रंगीत धुवत जा." कामगार खो खो हसले. वर्षाच्या आत लॉन्ड्री बंद पडली.

पुढचं सांगताना मला आजही तिडीक येते. लॉन्ड्रीत इस्त्री करायचे ते आत्याचे यजमान, आमचे काका. त्यांना दुसरं काम मिळेना, तेव्हा ते त्याच कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागले.  आत्याने इस्त्री उचलली, त्या चाळीस चादरींबरोबर ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. जन्मभर लोकांच्या कपड्यांना कडक घड्या घालणारा माणूस सहा वर्षं चुरगळलेल्या गणवेशात मालकाला सलाम ठोकत राहिला.

मी तिची भाची. पाणलोट मंडळाची वही माझ्याकडे असे, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ज्या उतारावरचं पाणी आमच्या ओढ्यात येतं तो सगळा उतार म्हणजे पाणलोट, हे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या मास्तरांनी आम्हाला खडूने फरशीवर काढून शिकवलं. मंडळ त्यांनीच काढलं. गॅरेजवाला, शाळा, रोपवाटिकेची बाई, असे आम्ही दहाबाराजण. दर शनिवारी सकाळी काठावरचं प्लास्टिक वेचायचं, रोपं लावायची आणि चहा पिऊन घरी जायचं. आत्या आम्हाला 'चहा मंडळ' म्हणायची.

मास्तरांनी मदतीसाठी सरकारी कचेरीत अर्ज केला. कचेरी म्हणाली, उतारावरचे सगळे एका कागदावर या, मग तुमच्या वहीत जे लिहिलेलं असेल त्यावर आम्ही कारवाई करू. सगळे म्हणजे कारखानाही. मास्तर जाऊन मालकाची सही घेऊन आले. मालकाने शिवाय सभेसाठी कारखान्यातली एक खोली दिली आणि फोटोही काढून घेतला.

आत्याने आठवडाभर मास्तरांशी अबोला धरला. पुढच्या शनिवारी मात्र ती त्या चाळीसातली एक चादर बगलेत मारून सभेत आली. चादरीचा कोरा भाग टरकावून तिने वीतभर रुंदीच्या पट्ट्या केल्या होत्या. "ज्याने त्याने आपल्या जागेच्या खाली ओढ्यात खुंटीला पट्टी बांधायची," ती म्हणाली. "शनिवारी काढून आणायची आणि काय रंग आलाय ते सगळ्यांसमोर स्वतः वाचायचं. वहीत लिहून खाली सही."

मालक हसून म्हणाला, "सोपं आहे की!"

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी काका घरी आले. त्यांनी जेवणाच्या डब्यातून एक ओली निळी पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"मला बदलायला सांगितली," ते म्हणाले. "कारखान्यातलीच नवीन पांढरी बांधून आलो. ही फेकून दे म्हणाले."

आत्याने पट्टीचा कोपरा चाचपला. मूळच्या पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याचे तीन टाके होते, आता कापडाबरोबर निळे झालेले. डोळ्यांना दिसत नव्हते, पण बोटाला लागत होते. लॉन्ड्रीत हरेक कापडावर ती ही खूण घालायची, कापडाची अदलाबदल झाली तर कळावं म्हणून. सवयीने तिने या पट्ट्यांवरही घातली होती.

"उद्या सभेत उघडं पाडू त्याला," मी म्हणाले.

"गप," आत्या म्हणाली. "एकदा खोटं बोलला तर चूक झाली म्हणेल. बोलू दे त्याला पोटभर."

मालक दर शनिवारी साळसूदपणे "पांढरी" असं वाचत राहिला. मी लिहायची, तो सही करायचा, पट्टी पाकिटात जायची. असे बारा शनिवार गेले. कचेरीचा साहेब तेराव्या शनिवारी येणार असं कळलं आणि आत्याने ट्रंकेतून इस्त्री बाहेर काढली. सहा वर्षांनी तिने काकांच्या गणवेशाला इस्त्री केली. बाहीची घडी इतकी धारदार होती की काका ती घालताना हात जपून घालत होते.  नोकरी आज जाणार हे दोघांनाही माहीत होतं.

सभेत आत्याने आधी गॅरेजची पट्टी फिरवली, मग शाळेची. "कोपरा चाचपा," म्हणाली. साहेबाने चाचपला, सगळ्यांनी चाचपला. मग मालकाच्या बारा पट्ट्या फिरल्या. एकीलाही टाके नव्हते.

"माझ्या माणसाने काही गडबड केली असेल," मालक म्हणाला.

काका दारातून आत आले. "केली मीच. सांगितली कोणी, तेही विचारा." त्यांनी डबा उघडला. आत बारा निळ्या पट्ट्या होत्या, सगळ्यांच्या कोपऱ्यात टाके.

आत्याने त्या मालकासमोर मांडल्या. "वाचा."

तो बाराही वेळा "निळी" म्हणाला. मी बाराही वेळा लिहिलं. कोणी हसलं नाही. आत्याच्या ते मनाला लागलं. लोक हसायला हवे होते, असं तिने नंतर मला स्पष्ट सांगितलं.

गॅरेजवाला तापला, याला आजच्या आज काढा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"काढायचं नाही," आत्या म्हणाली. "काढलात तर कागद फाटला, कचेरी गेली, आणि हा घरी आरामात बसला. मला तो इथे हवाय. यापुढे पट्टी स्वतः काढायची, चपला हातात घेऊन पाण्यात उतरून."

काकांची नोकरी त्याच दुपारी गेली. कचेरीच्या नोटिशीने कारखान्याला पाणी साफ करायची टाकी बांधावी लागली. दोन वर्षं मालक दर शनिवारी विजार गुडघ्यापर्यंत सरकवून ओढ्यात उतरला, आणि आत्या काठावर खुर्ची टाकून बघत राहिली. पट्टी निळीची आकाशी झाली, मग नुसती मळकी, आणि एका शनिवारी स्वच्छ पांढरी निघाली. आत्याने कोपरा तीनदा चाचपला. टाके जागेवर होते. मास्तरांचे डोळे भरून आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मालक पाण्यातच उभा होता, पाय गारठून लाल झालेले. म्हणाला, "बाई, आता तरी झालं ना समाधान?"

आत्याने पिशवीतून नवी पट्टी काढून त्याच्या हातात दिली.

"पुढच्या शनिवारी या," ती म्हणाली.