धरलेलं चाक

लग्नानंतर चौथ्या वर्षी माझ्या नवऱ्याने एक सायकल आणली. तिला सीट नव्हतं. मला वाटलं, सीट नंतर येणार असेल. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की हिला सीट नसतंच, कारण हिच्यावर बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. दगडांवर, कठड्यांवर, पडलेल्या सिमेंटच्या पाइपांवर सायकल घेऊन चढायचं, चाकं जागच्या जागी उडवत पुढे सरकायचं आणि पाय जमिनीला लावायचा नाही.

तो बँकेत नोकरीला. दिवसभर काचेमागे बसून लोकांशी हळू आवाजात बोलणारा माणूस. त्याला हे कुठून सुचलं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

धायरीत त्याच्या घरच्यांची एक तुकडा जमीन उरली होती. तिन्ही बाजूंनी इमारती उठलेल्या, मध्ये गवत, आणि कधीकाळी विहीर खणताना निघालेले काळे दगड. कोपऱ्यात चुलत सासऱ्यांची एक म्हैस बांधलेली असे. रविवारी सकाळी आम्ही तिथे जायचो. मी थर्मासमध्ये चहा घेऊन एका सपाट दगडावर बसायचे. हिवाळ्यात तिथलं धुकं उशिरापर्यंत हलत नसे आणि इमारतींचे फक्त वरचे मजले दिसायचे, अधांतरी टांगल्यासारखे. त्या धुक्यात तो मागच्या चाकावर उभा राहायचा, पुढचं चाक हवेत, ब्रेक दाबलेला. एक क्षण सगळं थांबायचं. म्हशीचं रवंथ करणंसुद्धा थांबलंय असं मला वाटायचं. मग तो उडी मारून पुढच्या दगडावर जायचा आणि सकाळ पुन्हा सुरू व्हायची.

अशाच एका रविवारी तो छातीएवढ्या उंच दगडावर चढला. मागचं चाक दगडाच्या कडेवर टेकलं, त्याने ब्रेक दाबला, आणि चाक थांबलं नाही. अगदी सावकाश मागे फिरलं. मला ते अजून तसंच, सावकाशच आठवतं. तो डाव्या हातावर पडला आणि उठून बसला, पण हात मनगटापाशी भलतीकडेच वळला होता.

दीड महिना प्लास्टर होतं. ते निघाल्यावर त्याने सायकल खोलीत आणून उलटी ठेवली आणि मला चाक फिरवून दाखवलं. या सायकलीचा ब्रेक चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला धरतो. दोन्ही बाजूंनी एकेक छोटं पॅड येऊन रिमला चिमटीत पकडतं. साध्या सायकलीत वेग कमी झाला तरी पुरतं, इथे चाक जागच्या जागी गच्च धरलं जावं लागतं, आणि तेही एका बोटाच्या दाबाने, कारण बाकीच्या बोटांनी हँडल सोडायचं नसतं.

"पॅड धरत नाहीत," तो म्हणाला. "माझी चूक नव्हती."

मी म्हटलं, बदलू या.

मंडईजवळ एक जुनं सायकलचं दुकान आहे, तिथे आम्ही गेलो. मालकांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "अहो, लोक सायकल पळवायला येतात. आपण उभी करायला आलात." तरी त्यांनी खोके उघडून ब्रेकचं सगळ्यात चांगलं रबर काढून दिलं. ते घरी आणून लावलं. पण ट्रायल्सच्या रिमला मुद्दाम ग्राइंडर फिरवून बारीक ओरखडे काढलेले असतात, पकड यावी म्हणून, आणि त्या ओरखड्यांनी ते रबर खोडरबरासारखं झिजवलं. अर्ध्या तासात चाकाखाली काळा भुगा पडला. मग परदेशातून एक जोडी मागवली. ती झिजेना, पण धरेनाही. फार कडक, असं तो म्हणाला. मऊ हवं, पण इतकंही मऊ नको.

हे ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, हे तर माझं काम आहे.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. वारज्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. डॉक्टर लोकांच्या जबड्यांची मापं पाठवतात, आम्ही त्यांच्या कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या करून देतो. माप घेणं, साचा करणं, ओतणं, घासणं, यात माझी पंधरा वर्षं गेली. मी जुनं पॅड पर्समध्ये टाकलं आणि लॅबमध्ये नेलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याचा साचा केला.

पहिली जोडी मी कवळीच्याच मालाची केली. तीही हिरड्यांच्या गुलाबी रंगाची, कारण तोच डबा उघडा होता. दिसायला सुंदर झाली. रविवारी धायरीत चाकाला लावली तर एवढ्या जोरात किंचाळली की म्हैस उठून उभी राहिली, आणि चाक काचेवरून फिरावं तसं फिरत राहिलं. नवरा बऱ्याच दिवसांनी हसला.

मग मी यंत्रांचे मऊ पण न झिजणारे रोलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तिथल्या गृहस्थांनी टेबलावर वेगवेगळ्या कडकपणाचे प्लॅस्टिकचे तुकडे मांडले आणि म्हणाले, निवडा. मी एकेकाला नखाने दाबून पाहिलं. काहींवर काही उमटेना. काहींवर नख रुतून बसलं. एका तुकड्यावर नखाची चंद्रकोर उमटली आणि बघता बघता भरून आली, जणू त्याने ती आठवून विसरून टाकली. तो मी निवडला. त्यांनी दोन बरण्या दिल्या. दोन्हीतली द्रवं मिसळायची, की थोड्या वेळात घट्ट होतात.

त्यानंतरचे महिने मला वेगवेगळे आठवत नाहीत. एकच लांब दुपार आठवते. खिडकीतून महामार्गाचा आवाज, एखाद्या नदीसारखा अखंड. सहकारी डबे धुऊन येताहेत, आणि मी लाल रंग टाकलेलं ते मधासारखं द्रव साच्यात ओततेय. पहिल्या वेळी आत बुडबुडे राहिले, म्हणून नंतर साचा, जबड्यांच्या प्लास्टरमधली हवा काढायला असतं त्या थरथरत्या टेबलावर ठेवला. पुढच्या वेळी पॅड मागच्या पट्टीपासून सुटून आलं. ती पट्टी साध्या पॅडला प्लॅस्टिकची असते आणि दाबलं की वाकते, म्हणून मी ॲल्युमिनियमची घेतली होती. पण गुळगुळीत धातूला काही चिकटत नाही. आमच्याकडे धातूच्या टोप्यांवर बारीक वाळूचा मारा करायचं यंत्र आहे, त्यात ती पट्टी खरबरीत करून घेतली. मग तिसरी ओत सुटली नाही.

पॅड झालं, तसं रिमकडे लक्ष गेलं. तिच्यावरचे जुने ओरखडे झिजून बोटाला गुळगुळीत लागत होते. मी ग्राइंडर आणून तिच्यावर पुन्हा हलके ओरखडे काढले. पॅड रिमवर पूर्ण सपाट बसेल असं लावलं, टायरला न टेकणारं, कडेवरून न उतरणारं. बोटांचा तेलकटपणासुद्धा पकड घालवतो, म्हणून रिम स्पिरिटने पुसायची सवय लागली.

रविवारी आम्ही ते घेऊन जायचो. तो सायकलीशेजारी उभा राहून ब्रेक दाबायचा, चाक ढकलून बघायचा आणि काहीतरी सांगायचा. जरा मऊ वाटतंय. जरा उशिरा धरतंय. आवाज वेगळा येतोय. मी ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये थोडा बदल करून पाहायचे. चुलत सासरे म्हशीपाशी बसून हे सगळं बघायचे. एकदा मला म्हणाले, "तुझं काम लय बारीक हाय बघ." मला त्याचा फार आनंद झाला होता.

एप्रिलमधल्या एका रविवारी तो थर्मास घ्यायला गाडीपाशी गेला होता. मी सहज सायकलीवर चढले. पेडलवर दोन्ही पाय, मागचा ब्रेक दाबलेला, शेजारच्या दगडाला हात टेकलेला. पेडलवर सगळं वजन टाकलं. चाक हललं नाही. मग मी सायकल एका उतरत्या दगडावर नेली आणि तिथे तसंच केलं. मागे घसरायला हवं होतं. चाक दगडाचाच भाग असल्यासारखं राहिलं. एका बोटाने धरलेलं ते. इतकी शांत, गच्च पकड मी आयुष्यात कशातच अनुभवली नव्हती. आणि त्या शांततेत मला कळलं की या पॅडमध्ये काही उणं नाही, बहुतेक कित्येक आठवड्यांपासून नाही.

तो परत आला तेव्हा मी अजून दगडाला टेकून उभी होते.

"उतारावरही धरतंय," मी म्हटलं.

त्याने थर्मास खाली ठेवला. बराच वेळ बुटाची नाडी सोडून बांधत राहिला.

"तिसऱ्या वेळेलाच चांगलं झालं होतं," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर चढावं लागलं असतं."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. जेवणाच्या किती सुट्ट्या गेल्या होत्या. पण वर बघितलं तर तो मनगट दुसऱ्या हातात धरून उभा होता, आणि ते धरलंय हे त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी वर चढलेच आहे तर मला शिकव.

तो समोर येऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. त्या उन्हाळ्यात मी सपाट जमिनीवर, न हलता उभं राहायला शिकले. ऐकायला काहीच नाही, पण मला त्याला दोन महिने लागले. पेडल आपटून नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. तो फार चांगला शिकवायचा. सारखं एकच सांगायचा, चाकाकडे बघू नकोस, लांब बघ. मी लांब बघायचे, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरींकडे, त्यांच्यामागच्या सिंहगडाकडे, आणि खाली कुठेतरी चाकं थांबलेली असायची. एक दिवस त्याने हात काढून घेतले होते आणि मला कळलंच नाही. चुलत सासरे म्हणाले, "सूनबाई थांबली की." तेव्हा कळलं, आणि मी पडले.

पावसात आमची पॅड घसरतात. ओल्या रिमवर पाण्याचा पातळ थर राहतो. मी लॅबमधल्या कापायच्या पातळ चकतीने पॅडवर तिरक्या खाचा पाडून पाहिल्या. त्याने थोडा फरक पडतो, फार नाही. ओल्या दिवसांत आम्ही दगडांकडे जात नाही.

तो त्या छातीएवढ्या दगडावर परत चढला नाही. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी, मी चहा ओतत असताना, तो गुडघ्याएवढ्या दगडावर चढला, एक श्वासभर थांबला आणि उतरला. मी कप पुढे केला. आता तो तेवढ्याच उंचीवर असतो आणि मला वाटतं, त्याला ती आवडते.

वारज्याच्या बाजूला राहणारे तीन-चार जण ट्रायल्स करतात, त्यांच्यासाठीही आता मी पॅड करते. बँकेला सुट्टी असलेल्या शनिवारी नवरा लॅबमध्ये येतो. मी दोन द्रवं मिसळते, तो साचा थरथरत्या टेबलावर बोटांनी धरून ठेवतो. लाल रंग हळूहळू कोपऱ्यांत पसरतो, बुडबुडे एकेक करून वर येऊन फुटतात. घट्ट व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तो खिडकीपाशी स्टूल ओढून बसतो, आणि बहुतेक वेळा भिंतीला डोकं टेकून झोपी जातो.