एका सर्व्हरवर दोन चुली

ऑफिसात एक मालक, एक एम.टेक. आणि सगळ्यांत मिळून एकच सर्व्हर असला की किस्से जमवावे लागत नाहीत. झाडून काढले तरी पुन्हा साचतात!

नव्वदच्या दशकाची अखेर. इंदिरानगरात वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक अण्णा, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे. एम.टेक. म्हणजे पुण्याहून आलेले कुलकर्णी. आणि मी, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला. सगळ्यांचे प्रोग्राम एकाच सामायिक डिरेक्टरीतली पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, वापरायचे.

कुलकर्ण्यांनी एकदा तिथलं तारखांचं पॅकेज बदललं. कुणाला विचारायचं कशाला? एम.टेक. ना! माझ्या प्रोग्राममधून बोम्मसंद्राच्या फॅक्टरीला हजेरीचा रिपोर्ट गेला, त्यात अख्खी फॅक्टरी तेराव्या महिन्यात गैरहजर.

तिथल्या मॅनेजरचा फोन आला, "तेरावा महिना लागला की कळवा. सुट्टी जाहीर करायचीय!"

*

मी अण्णांना म्हटलं, "माझ्या प्रोग्रामला वेगळी डिरेक्टरी द्या. पॅकेजेस त्याची त्याला. कुणाचा हात लागायला नको."

अण्णा भडकले. "म्हणजे वेगळी चूल? माझ्या डोळ्यांदेखत?"

"मग काय, तुम्ही डोळे मिटायची वाट बघू?"

"डिग्री नाही, वर हे तोंड! मांड चूल. पण फॅक्टरीवाल्यांना दाखवायचा डेमो पडला तर तू घरी. सरी?"

"सरी," मीही त्यांच्याच कानडीत 'ठीक' म्हटलं.

*

मांडली चूल. दुसऱ्या दिवशी बघतो तर आत कुलकर्ण्यांची सगळी पॅकेजेस!

"अरे, तुझ्याकडे रिकामं रिकामं दिसत होतं. म्हटलं, आपलंच आणून टाकावं."

"मग मी भिंत कशाला घातली?"

"भिंत आहेच की. मी फक्त दार ठेवलं!"

त्यांचं सगळं पुसलं, माझं परत बसवलं आणि डिरेक्टरीला माझ्याशिवाय कुणी हात लावू शकणार नाही असं केलं. कुलकर्णी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. कामं भराभर झाली.

*

डेमोच्या सकाळी अण्णा खुशीत. "स्वल्प साफसफाई केली. ती जुनी सामायिक डिरेक्टरी उडवली. पाहुणे यायच्या आधी आवरायला नको?"

कुलकर्ण्यांचे प्रोग्राम अजून तिच्यातूनच चालायचे. मॅनेजरसाहेब जिना चढतच होते. मी प्रोग्राम सुरू केला. चालला! हजेरी आली, महिनाही खरा आला. साहेब खूश.

मग ते कुलकर्ण्यांच्या टेबलापाशी गेले. स्क्रीनवर एररच्या ओळी धो धो पडत होत्या.

"याचं काय झालं?" साहेबांनी विचारलं.

कुलकर्णी उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढला. म्हणाले,

"सर, मी एम.टेक. आहे."